सरकी गावातून कशी गेली

सहावीच्या विज्ञानात पदार्थ वेगळे करण्याचा धडा असतो. निवडणे, चाळणे, उपणणे, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन, चुंबकाचा वापर असा त्याचा क्रम. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि हा धडा माझ्या विशेष आवडीचा. वाळू आणि मीठ, लोखंडाचा कीस आणि गंधक, तांदळातले खडे ही त्यातली नेहमीची उदाहरणं. मुलं ती पाठ करायची, नेटकी आकृती काढायची, गुण मिळवायची. पण वर्गाच्या खिडकीतून ज्या पिकाचं रान दिसायचं, त्याचं नाव आमच्या पुस्तकातल्या त्या धड्यात नव्हतं. उमरखेड तालुक्याचं, खरं म्हणजे सगळ्या वऱ्हाडाचं गेल्या दीडशे वर्षांचं बरंवाईट एकाच गोष्टीच्या वेगळं होण्यावर ठरत आलं आहे. कापसातून सरकी वेगळी होण्यावर. म्हणून धडा संपला की मी एक तास जादा घ्यायची आणि त्यात कापसाचा हा इतिहास सांगायची. आता तो लिहून ठेवते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. एखादी वस्तू वेगळी करण्याचं काम ज्याच्या दारात चालतं, त्याच्याकडे वेगळे झालेले सगळे भाग राहतात. ते काम दारातून उठून दुसरीकडे गेलं, की त्यातला एखादा भाग घरी परत येत नाही. कापसाच्या बाबतीत तो भाग सरकी होता आणि सरकी म्हणजे बियाणं.

आधी ज्वारीचं सांगते, कारण तिच्या बाबतीत हे काम फार दिवस शेतातच राहिलं. माझ्या लहानपणी खळं करायचं म्हणजे आधी जमीन चोपून, पाणी शिंपडून, शेणानं सारवून टणक करायची. मधोमध मेढ रोवायची. कणसं पसरायची आणि मेढीभोवती बैलांची पात फिरवायची, त्यांच्या तोंडाला मुसकी बांधून. मळणी उरकली की सगळे वाऱ्याची वाट पाहत बसायचे. वारा सुटला की एक जण तिवईवर चढायचा, खालून दुसरा भरलेलं टोपलं वर द्यायचा आणि वरचा माणूस ते डोक्याच्या उंचीवर धरून, किंचित हलवत, बारीक धार सोडायचा. दाणा जवळजवळ सरळ पायाशी पडायचा आणि कुटार वाऱ्यासोबत पुढे जाऊन त्याचा वेगळा ढीग व्हायचा. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पोचट दाणे पडायचे. वर्गात मी विचारायची की दाणा आणि कुटार एकाच वाऱ्यात सोडले, तरी एक जवळ आणि एक लांब का पडतो? हलकं म्हणून, असं उत्तर यायचं. ते अर्धं बरोबर आहे. वजनाच्या मानानं कुटाराचा पसारा मोठा, म्हणून वाऱ्याची पकड त्यावर जास्त. उपणणाऱ्या माणसाला हे सूत्र माहीत नव्हतं, पण वारा वाढला की टोपलं खाली घ्यायचं आणि मंदावला की वर न्यायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं. वारा उलटला तर तिवईची जागा बदलायची, पण काम थांबवायचं नाही. रात्री दोन वाजता वारा सुटला तर रात्री दोनला उपणणी.

पुढचं काम बायांचं. सुपात घेऊन पाखडायचं, हलक्या हातानं घोळायचं, खडा सुपाच्या टोकाशी आला की वेचायचा. शेवटी जमिनीवर जे मातेरं उरायचं, तेही कोणी फेकत नव्हतं. पाण्यात घोळून त्यातला दाणा काढायचा, माती पाण्यासोबत निघून जायची. दाणा कणगीत, कुटार गोठ्यात, काही वाटा बलुत्याचा. खळ्यावर सगळं न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. रास कोणाच्या घरी जायची आणि मातेरं कोणाच्या पदरात पडायचं, हे बहुतेक जातीनं ठरलेलं असायचं. मळणीयंत्र आलं तेव्हा त्या पदरातलं मातेरंही गेलं. पण पिकाचा कोणताही भाग खळ्यावरून थेट परमुलखात जात नव्हता, एवढं खरं.

पाण्याचीही गोष्ट अशीच घरातली. पावसाळ्यात पैनगंगेचं आणि नाल्यांचं पाणी तांबडं-काळं व्हायचं. आजी निवळीची बी रांजणाच्या आत घासायची किंवा तुरटी फिरवायची. पाण्यातले मातीचे अतिबारीक कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं ओतून घ्यायचं. धड्यातल्या निवळण्यासाठी मला यापेक्षा चांगलं उदाहरण कधी लागलं नाही.

आता कापूस.

बोंडातून वेचलेला कापूस वाऱ्यावर धरा, चाळणीत घाला, पाण्यात टाका. सरकी सुटत नाही. कारण काटेकोर बोलायचं तर कापूस हे मिश्रणच नाही. सरकीच्या वरच्या सालीतल्या काही पेशी लांब लांब वाढतात. त्यातली एक पेशी म्हणजे एक तंतू, आणि एका सरकीवर असे हजारो तंतू. म्हणजे रुई आणि सरकी एकत्र आलेल्या नाहीत, एकीतून दुसरी उगवली आहे. त्यामुळे इथे काम अवघड होतं. तंतू सालीपासून उपटायचा, पण मध्येच तोडायचा नाही. सरकी मागे ठेवायची, पण फोडायची नाही, कारण फुटलेल्या सरकीचे काळे कण आणि तेल रुईला लागतं आणि सूत खराब होतं. धड्यातली एकही पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही. आणि तरी आपल्याकडच्या बायांनी फार जुन्या काळी यावर तोड काढली होती.

माझ्या आजीकडे एक लोखंडी सळई होती, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. सोबत लाकडी पाट. कापूस आधी उन्हात चांगला तापवायचा, म्हणजे तंतू साल लवकर सोडतो. मग चिमूटभर कापूस पाटावर ठेवून त्यावरून सळई दोन्ही तळव्यांनी पुढे लोटायची. तंतू सळईखाली सापडतो आणि पुढे ओढला जातो. सरकी जाड असते, तिला सळईखाली जाता येत नाही, ती अलीकडेच अडते आणि टपकन बाजूला पडते. यात ओढही आहे आणि चाळणंही, फक्त चाळणीच्या भोकांऐवजी सळई आणि पाट यांच्यातली फट. दख्खनमध्ये हेच काम पायानंही करत. बाई बुटक्या बैठकीवर बसायची, समोर सपाट दगड, त्यावर लोखंडी कांब, आणि पायांनी ती कांब मागेपुढे फिरवायची. हात कापूस द्यायला मोकळे. याच्या पुढची पायरी म्हणजे हातरेचा. त्यात दोन लाटा, म्हणजे रूळ, एकमेकांना चिकटून उलट दिशेनं फिरतात, एका हातानं दांडा फिरवायचा आणि दुसऱ्यानं कापूस भरवायचा. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रात आजीच्या सळईसारख्या एकाच लाटेनं सरकी काढणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी हे काम महाराष्ट्रात इतकं रोजचं होतं की चित्रकाराला ते भिंतीवर काढावंसं वाटलं.

कापसाच्या वजनात ढोबळमानानं एक भाग रुई आणि दोन भाग सरकी. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढचा सगळा इतिहास त्यात आहे. घरात सरकी काढली की ते दोन भाग घरातच राहायचे. दुभत्या म्हशीला आणि औताच्या बैलाला भिजवलेली सरकी मिळायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बियाणं घरातच निवडलं जायचं. ज्या पऱ्हाटीला बोंडं चांगली धरली तिचा कापूस वेगळा ठेवायचा, त्याची सरकी वेगळी काढायची, भरलेली टपोरी तेवढी ठेवायची, किडकी-पोचट म्हशीच्या टोपल्यात. पेरताना आणखी एक काम असायचं. सरकीला बारीक लव राहते आणि तिच्यामुळे बिया एकमेकींना धरून गुंता होतो. म्हणून सरकी शेणमातीत चोळून वाळवायची, मग दाणा दाण्यापासून सुटा होतो आणि सरत्यातून एकेक पडतो. हे सगळं बायांचं ज्ञान होतं.

रुई पुढे पिंजाऱ्याकडे जायची. धनुकलीच्या तातीवर ती उडायची, तिच्यातली माती आणि पाचोळ्याचे कण खाली झडायचे. थंडीच्या तोंडावर गल्लीत तातीचा आवाज आला की गाद्या-रजयांचे दिवस आले असं समजायचं. घरी सळई कधीच बंद पडली, पण देवाच्या वाती वळताना ढाणकीतल्या बाया आजही बोटांनी सरकी काढतात.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांवर गोणी लादून उत्तरेत गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत माल न्यायचे. पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागातले तांडे आजही त्या वाटांची खूण आहेत. इतक्या लांबच्या वाटेवर बैलाच्या पाठीवर सरकी लादून चालणारच नव्हतं. तिप्पट वजन कोण वाहणार? म्हणून सरकी गावातच काढली जायची आणि गावाबाहेर फक्त रुई पडायची. गावातल्या बाईच्या हाताला काम मिळत होतं आणि सरकी गावाला मिळत होती, त्याचं एक कारण हे बैलाच्या पाठीचं गणित होतं.

1853 साली निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. आमच्याकडे पैनगंगा ही सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे, 1948 पर्यंत, निजामाचं राज्य, त्याचे करोडगिरीचे नाके. नदीच्या दोन्ही काठांची काळी माती एक, बोली जवळची, सोयरिकी दोन्हीकडच्या, पण कापसाची गाडी पाण्यात उतरली की मुलूख बदलायचा. त्या काळी आमचा भाग पुसद तालुक्यात होता आणि पुसद वाशीम जिल्ह्यात. 1905 च्या फेररचनेत पुसद यवतमाळला जोडलं गेलं.

कंपनीला मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी आपला कापूस हवा होता. अमेरिकेत एली व्हिटनीनं 1794 मध्ये करवती दातांच्या जिनचं, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्राचं, पेटंट घेतलं होतं. कंपनीनं 1840 च्या सुमारास अमेरिकन बागायतदार आणि त्यांची यंत्रं हिंदुस्थानात आणून पाहिली. आपल्या देशी कापसाचा आखूड तंतू त्या करवतीनं तुटायचा, त्यामुळे धारवाडकडचा अमेरिकन वाणाचा भाग सोडला तर ती यंत्रं फारशी रुजली नाहीत. रुजलं ते दुसरं यंत्र. त्याच 1840 साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थीनं लाटेच्या जिनचं पेटंट घेतलं. चामड्याची खरखरीत लाट तंतू ओढून घेते, एक सुरी स्थिर राहून तंतूला धरून ठेवते आणि दुसरी हलती सुरी सरकीला ठोके देऊन मोकळी करते. बारकाईनं पाहिलं तर ही आजीच्या सळईचीच भावकी: ओढायचं आणि अडवायचं. म्हणूनच ते आपल्या कापसाला मानवलं, आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची अशी यंत्रं हिंदुस्थानभर पसरली.

मग 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईत भाव काही पटींनी चढले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याची रेल्वे व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या काही दशकांत वऱ्हाडात स्टेशनांजवळ वाफेच्या जिनांची आणि प्रेसांची धुराडी उभी राहिली. ढाणकीसारख्या गावातून कापूस बैलगाडीनं तिकडे जाऊ लागला. गाडीत आता रुई नव्हती, अख्खा कापूस होता, सरकीसकट. रेल्वेनं अंतराचं गणित बदललं होतं. जिनात दिवसाकाठी जितकी रुई निघायची तितकी अख्ख्या गावाच्या सळयांनी महिन्यात निघाली नसती.

यंत्र वाईट होतं असं मी कधीच शिकवलं नाही. सळईनं दिवसभर राबून काही शेर रुई निघायची, तळवे सोलून निघायचे, आणि त्या कामाचा मोबदला घरात कोणी मोजत नव्हतं. प्रश्न एवढाच की यंत्र कुठे बसलं आणि कोणाच्या मालकीचं झालं.

बाया मात्र या कामातून सुटल्या नाहीत. घरातून उठून त्या जिनात गेल्या. जिनच्या तोंडाशी बसून कापूस भरवणं, सरकी उचलणं, रुईच्या पाट्या वाहणं ही कामं बायांचीच. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा शंभराहून कमी मजुरांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, आणि जिन हा हंगामी धंदा, म्हणजे बहुतेक जिन कायद्याच्या बाहेर. 1884-85 मध्ये मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची साक्ष झाली. बाया पहाटे कामाला लागत आणि रात्री उशिरा सुटत, असं त्यात नोंदलं गेलं. 1891 च्या कायद्यानं बायांच्या कामाचे तास अकरावर आणले, पण हंगामी कारखाने नीट कायद्याच्या कक्षेत यायला 1911 उजाडलं. आमच्या शेजारी एक मावशी राहायची, तिनं उमेदीची वर्षं जिनात काढली होती. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, असं ती सांगायची. पुढे वाचनात आलं की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची ही ओळखीची खूण आहे. तिला कोणी डॉक्टरनं ते नाव सांगितलं नव्हतं.

आणि सरकी? ती जिनातच राहिली. तिथून तेलघाण्याला गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई बंदरातून सरकीची जहाजंही विलायतेला जाऊ लागली. इकडे शेतकरी आपल्याच बैलासाठी ढेप दुकानातून विकत आणू लागला आणि पेरणीसाठी सरकी जिनातून. नुकसान कुठे झालं ते सांगते. जिनात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडायचा. लांब धाग्याचा आणि आखूड धाग्याचा, लवकर येणारा आणि उशिरा येणारा. त्यातून निघालेली सरकी म्हणजे सगळ्या वाणांची खिचडी. ती पेरली की शेतातच भेसळ उगवायची, आणि ती पुढच्या वर्षी पुन्हा जिनात. एकदा मिसळलेलं बियाणं वेगळं करणारी चाळणी नाही. वऱ्हाडचा बनी कापूस मऊ आणि लांब धाग्याचा म्हणून नावाजलेला होता. जरी नावाचा जाडाभरडा आखूड कापूस रुईचा उतारा जास्त द्यायचा आणि पीकही भरपूर. व्यापारी दोन्हींना जवळजवळ सारखाच भाव देऊ लागले, जिनातलं बियाणं मिसळत राहिलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बनी मागे पडत गेला. भाव हे त्याचं एक कारण. पण घरातली सळई थांबल्यावर वाण वेगळा राखण्याची शेतकऱ्याच्या हातातली सोय गेली होती, हे दुसरं कारण मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं.

सरकारला भेसळीची काळजी होती, पण ती व्यापाराच्या बाजूनं. कापसात माती, पाणी आणि सरकी मिसळून वजन वाढवणाऱ्यांसाठी मुंबईत 1863 मध्ये कायदा झाला होता. कारंज्याला 1886 मध्ये नियमन केलेला कापूस बाजार आला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. 1921 मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात नेऊन मिसळू नये म्हणून 1923 चा कापूस वाहतूक कायदा आला. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं गाठीवर कारखान्याची खूण घालणं बंधनकारक केलं. खंडीचा भाव आजही 356 किलोंचा असतो, तोही त्याच काळातल्या 784 पौंडांच्या मुंबई खंडीचा वारसा.

या काळात एक वेगळा प्रयत्न आमच्याच कापूस पट्ट्यात झाला, आणि शिक्षक म्हणून मला तो फार जवळचा आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं नयी तालीमचा आराखडा केला. शाळेतलं सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफायचं, आणि त्या उद्योगांत पहिला मान कापसाचा: सरकी काढणं, पिंजणं, कातणं. मूल सळई फिरवेल, तेव्हा सरकी का अडते हे विज्ञान झालं. शंभर तोळे कापसात रुई किती हे गणित झालं. हा कापूस कुठे जातो हा भूगोल झाला. पुढे या पद्धतीच्या बुनियादी शाळा आपल्याकडे रोडावत गेल्या. मूलोद्योगाच्या तासाला आम्ही टकळीवर सूत काढायचो ते नयी तालीमचंच उरलेलं रूप. आमच्या हाती यायचे ते तयार पेळू. सरकी काढण्याचं काम शाळेतूनही गेलं होतं. मला वाटतं, तिथेच त्या शिक्षणाचा कणा गेला.

1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. ज्या समाजाचे बैल एके काळी वऱ्हाडची रुई वाहत होते, त्या समाजातल्या माणसानं कापसाची खरेदी व्यापाऱ्याच्या हातून काढून राज्याच्या हाती दिली, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची लांबच लांब रांग, गाडीखाली अंथरलेली घोंगडी, ग्रेडरच्या हातातला कापसाचा पुंजका आणि त्याच्या तोंडाकडे लागलेले घरधन्याचे डोळे, हे त्या काळातलं चित्र इथल्या प्रत्येक घराला आठवतं. पैसे हप्त्यांनी मिळायचे. योजनेत पुढे तोटा साचत गेला आणि 2000 नंतर ती मोडीत निघाली. पण त्या योजनेतही शेतकरी अख्खा कापूसच विकत होता. सरकी काढण्याचं काम त्याच्याकडे परत आलं नाही, सहकारी जिनांनी थोडा प्रयत्न केला तेवढाच.

बियाण्याची गोष्ट त्याच्या पुढे गेली. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून बियाणं दरवर्षी नवं. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि 450 ग्रॅमचं पाकीट घरोघर आलं. उत्पन्न वाढलं हे मान्य केलं पाहिजे, बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाल्या हेही. पण मृग लागण्याआधी कृषी केंद्रासमोर उभा राहणारा शेतकरी जे विकत घेतो, ते त्याच्या पणजीच्या मडक्यात असायचं. ते आधी जिनात गेलं आणि मग पाकिटात आलं.

आजचा जिन मुलांना दाखवण्यासारखा आहे. आताचे डबल रोलर जिन तासाला पन्नास किलोंहून जास्त रुई देतात, आणि कापूस वाऱ्याच्या नळ्यांतून खेचला जातो. म्हणजे खळ्यावरचा वारा तिथेही आहे, फक्त पंख्याचा: जड खडा खाली पडतो, कापूस वर उचलला जातो. जाळीच्या पिंपांतून पाला आणि माती गळते, ते चाळणं. वाटेत चुंबक बसवलेले असतात, कारण कापसातून लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी पडते आणि जिनाला आग लागते. वेचणाऱ्या बायांनी डोक्याला सुती रुमाल बांधावा, प्लास्टिकच्या पोत्याऐवजी सुती कापडात कापूस आणावा असं सांगतात, कारण केस आणि प्लास्टिकचे धागे एकदा रुईत शिरले की ते काढायला एकही यंत्र पुरं पडत नाही. ते सुतात जातात, कापडात जातात. 2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशननं जिन सुधारायला पैसा दिला, तो मुख्यतः या स्वच्छतेसाठी. सहावीचा जवळजवळ सगळा धडा त्या एका छपराखाली चालू असतो.

म्हणून उमरखेड तालुक्यातल्या, आणि कापूस पिकतो त्या प्रत्येक तालुक्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर जिन सुरू झाले की मालकांची परवानगी काढून सहावीच्या मुलांना एक दिवस तिथे न्या, तोंडाला रुमाल बांधून. त्याआधी वर्गात प्रत्येकाला मूठभर कापूस द्या आणि बोटांनी सरकी काढायला सांगा. दोन्ही भाग तराजूत तोलून वहीत लिहून घ्या. घरी आजी असेल तर तिला सळईबद्दल, घराजवळ जिनात काम केलेली कोणी बाई असेल तर तिला तिथल्या कामाबद्दल विचारून यायला सांगा आणि तिनं सांगितलेलं तिच्या शब्दांत लिहून घ्या. ते सांगणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत, तेव्हा हे काम याच हंगामात करा.